वडिलांचं व्हिटॅमिन डी १४ निघालं, म्हणून आजार इतका वाढला का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ६८ वर्षांचे. व्हायरल न्यूमोनिया होऊन नऊ दिवस दवाखान्यात होते, त्यातले पाच दिवस ऑक्सिजनवर. दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी रक्त घेतलं, त्यात व्हिटॅमिन डी १४ निघालं, म्हणजे कमी (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये; पुढचे डीचे आकडेही त्याच मापात). आता ते घरी आले आहेत आणि घरातल्या पाचही जणांनी आठवड्याची मोठ्या डोसची गोळी सुरू करावी का, असं तुम्ही विचारलंय. पण त्याखाली तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे: "भाऊ म्हणतो, तू वर्षभर बाबांना गोळ्या दिल्या असत्यास तर ही वेळच आली नसती." गोळीचं मी सांगतोच, पण मला वाटतं तुम्हाला झोप लागू देत नाही ती ही ओळ. म्हणून आधी तिच्याबद्दल.

मी गेली बावीस वर्षं छातीच्या विकारांचे रुग्ण पाहतो. तुमच्या मजकुरात माझी नजर १४ या आकड्याआधी 'तिसऱ्या दिवशी' या शब्दांवर गेली. ताप, वाढलेला सीआरपी (रक्तातली दाहाची खूण), शिरेतून चाललेलं सलाइन, या सगळ्यात घेतलेलं ते रक्त आहे. अशा रक्तातलं व्हिटॅमिन डी आजाराआधी किती होतं हे सांगत नाही.

त्याचं कारण असं. हे जीवनसत्त्व रक्तात सुटं फिरत नाही, एका प्रथिनाला चिकटून फिरतं. शरीरात मोठा दाह (संसर्ग किंवा इजा झाल्यावर शरीराची उठणारी प्रतिक्रिया) पेटला की यकृत आपलं काम बदलतं, काही प्रथिनं भरभरून तयार करतं आणि काही कमी करतं. हे वाहक प्रथिन त्या काळात कमी होतं आणि त्याच्यासोबत डीचा मोजलेला आकडाही खाली येतो. शिवाय सलाइनमुळे रक्त थोडं पातळ झालेलं असतं ते वेगळंच. याचा चांगला पुरावा फुप्फुसाच्या आजारातून आलेला नाही, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून आलाय. सांधा बदलण्याआधी आणि नंतर त्याच माणसांचं रक्त तपासलं, तर एक-दोन दिवसांत डी सुमारे ४० टक्क्यांनी घसरलेलं दिसलं आणि तीन महिन्यांनीही ते पूर्ण मूळ जागी आलेलं नव्हतं. दोन दिवसांच्या खाण्यातल्या किंवा उन्हातल्या फरकाने एवढी घसरण होत नाही. झाला होता तो मुख्यतः दाह.

माझ्याकडे दम्यासाठी नियमित येणाऱ्या एक शिक्षिका आहेत. त्यांच्या फाइलमध्ये तीन कागद आहेत. पहिल्यावर डी २७, तो नेहमीच्या तपासणीतला. त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांना फ्लूचा न्यूमोनिया झाला, चौथ्या दिवशीचा आकडा १६. घरी जाताना मी त्यांना डीची एकही गोळी दिली नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त घेतलं, आकडा २४. नवीन निवासी डॉक्टर आले की मी त्यांच्यापुढे हे तिन्ही कागद तारखेप्रमाणे एकाखाली एक मांडतो आणि मधल्या कागदावर बोट ठेवून विचारतो, फक्त हाच पाहिला असता तर काय लिहिलं असतं? बहुतेक जण म्हणतात, 'तीव्र कमतरता'.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो मधला कागदच तेवढा आहे. त्यांचं डी आधी २२ असेल, १८ असेल, किंवा खरोखरच १४ असेल. तिन्ही शक्य आहे. या एका आकड्यावरून तुमच्या हातून काही राहून गेलं असं कुणीही म्हणू शकत नाही. तुमचा भाऊ नाही, मी नाही, आणि तुम्ही स्वतःही नाही.

आता भावाचं म्हणणं पुरतं निराधार आहे का? तसंही नाही, आणि ते नीट सांगायला हवं, कारण तो काहीतरी वाचूनच बोलतोय. ज्यांचं डी कमी त्यांच्यात श्वसनाचे संसर्ग जास्त आणि जड होतात, हे निरीक्षण जुनं आहे. मुडदूस (डीच्या कमतरतेने हाडं मऊ होण्याचा आजार) झालेल्या मुलांना न्यूमोनिया फार होतो, हे बालरोगतज्ज्ञांना किती तरी पिढ्यांपासून दिसत आलंय. कोविडच्या साथीत एकामागून एक देशांतून तेच निघालं: अतिदक्षता विभागात जाणाऱ्यांचं डी सरासरीने कमी.

त्यामागे शरीराचा खराखुरा धागाही आहे. आपण शाळेत शिकलो की हे जीवनसत्त्व त्वचेत उन्हाने तयार होतं, यकृतात एक बदल होतो, मूत्रपिंडात दुसरा, आणि मग ते हाडांसाठी कॅल्शियम शोषायला मदत करतं. पण तो दुसरा बदल फक्त मूत्रपिंडात होत नाही. आपल्या फुप्फुसात ज्या भक्षक पेशी असतात, म्हणजे मॅक्रोफेज, त्या जंतूची चाहूल लागली की रक्तातलं डी आत ओढून घेतात आणि स्वतःपुरतं त्याचं सक्रिय रूप बनवतात. त्यातून कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन तयार होतं. २००६ मध्ये हे क्षयाच्या जंतूवर दाखवलं गेलं. श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशींनाही हे जमतं. शिवाय डी दाहाला काहीसा आवर घालतं, आणि विषाणूच्या न्यूमोनियात बरंचसं नुकसान आपल्याच अनावर दाहामुळे होतं. हे सगळं वाचलं की कुणालाही वाटेल, मग डी भरलं की काम झालं. मलाही २०२० मध्ये मनापासून तशी आशा होती. हाताशी फारसं काही नव्हतं, आणि ही गोळी स्वस्त आणि ओळखीची.

पण कमी डी असलेली माणसं कोण असतात ते पाहा. वय झालेली, घराबाहेर फारशी न पडणारी, वजन जास्त असलेली (डी चरबीत जाऊन बसतं), मधुमेह असलेली, मूत्रपिंड अधू असलेली. विषाणूचा आजार ज्यांना जड जातो ती माणसंही हीच. जिथे हिवाळ्यात ऊन तिरपं पडतं तिथे डी खाली येतं तेच महिने विषाणूंच्या फैलावाचे असतात. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही, आणि त्यात आजाराने आकडा पाडण्याचा भाग आहेच. हा गुंता निरीक्षणांनी सुटत नाही. काही जणांना चिठ्ठ्या टाकून डी द्यायचं, काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी, आणि काय होतं ते पाहायचं, हाच मार्ग. तसे प्रयोग भरपूर झालेत. पण ते सांगताना दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत: आजार झाल्यावर डी देऊन उपयोग होतो का, आणि आजाराआधीपासून घेतल्याने होतो का.

आजार झाल्यावर. स्पेनमध्ये कोर्दोबाला २०२० मध्ये कोविडच्या ७६ रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. डीचं अर्धवट तयार रूप दिलेल्या ५० जणांपैकी एकच अतिदक्षता विभागात गेला, न दिलेल्या २६ पैकी १३ गेले. आकडे थक्क करणारे होते आणि तुमच्या भावाने बहुधा हेच कुठेतरी वाचलं असेल. पण औषध कुणाला मिळतंय हे त्यात लपवलेलं नव्हतं, रिकामी गोळी नव्हती, आणि दोन्ही गट मुळात सारखे नव्हते. मग ब्राझीलमध्ये २४० दाखल रुग्णांवर काटेकोर प्रयोग झाला, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकदम दोन लाख युनिटचा डोस. रक्तातलं डी २१ च्या आसपास होतं ते ४४ वर गेलं, म्हणजे औषध अंगी लागलं होतं यात शंका नाही. तरी दवाखान्यातला मुक्काम दोन्ही गटांत सात दिवसच राहिला, मृत्यू कमी झाले नाहीत, व्हेंटिलेटरची गरज कमी झाली नाही. इतर कारणांनी अतिदक्षता विभागात असलेल्यांना ५ लाख ४० हजार युनिट देऊन पाहिलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगातही २०१९ मध्ये मृत्यूंत फरक दिसला नव्हता.

तुलनेसाठी सांगतो. साथीत ब्रिटनमध्ये डेक्सामेथासोन या जुन्या स्टेरॉइडचा प्रयोग झाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू शंभरात ४१ वरून २९ वर आले, नुसत्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांत २६ वरून २३ वर. औषध खरंच काम करतं तेव्हा मोठ्या प्रयोगात ते असं दिसतं. म्हणून वडिलांना तिसऱ्या दिवशी डी दिलं की पाचव्या, यावर त्यांचा आजार फिरला असता असं मी मानत नाही.

आजाराआधीपासून घेतल्यास काय? इथे चित्र थोडं बरं, पण भाऊ म्हणतो तेवढं नाही. २०१७ मध्ये २५ प्रयोगांतल्या सुमारे ११ हजार लोकांची माहिती एकत्र केली गेली. प्रयोगाच्या काळात एकदा तरी श्वसनाचा संसर्ग झालेले, डी न घेणाऱ्यांत शंभरात ४२ आणि घेणाऱ्यांत ४०. सगळ्यात जास्त फायदा ज्यांचं डी १० च्याही खाली होतं आणि ज्यांनी रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेतलं त्यांना. एकदम मोठे डोस घेणाऱ्यांना काहीच नाही. हा निष्कर्ष मी बरीच वर्षं रुग्णांना सांगत आलो. पण पुढे ब्रिटनमध्ये ६,२०० लोकांचा आणि नॉर्वेत कॉडलिव्हर ऑइलचा ३४ हजारांहून जास्त लोकांचा असे मोठे प्रयोग झाले, दोन्हींत फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये ४६ प्रयोग आणि ६४ हजार लोकांचा हिशेब पुन्हा मांडला तेव्हा फायदा इतका बारीक झाला की तो योगायोगही असू शकेल. कमी डीवाल्यांना जास्त लाभ, हेही त्यात स्पष्ट दिसलं नाही. त्यामुळे मी माझं सांगणं बदललं. आता मी म्हणतो: खरी कमतरता असेल तर ती हाडांसाठी आणि स्नायूंसाठी भरून काढायचीच. फुप्फुसाला थोडी मदत झाली तर चांगलंच. पण केवळ न्यूमोनिया टळावा म्हणून ही गोळी घेऊ नका.

इथवरचं थोडक्यात: १४ हा आकडा आजाराने खाली ओढलेला असू शकतो; आजार जड होण्याचं खापर त्यावर फोडता येत नाही; आणि वर्षभर गोळी दिली असती तरी वडील दाखल झालेच नसते असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

आता पाचही जणांनी मोठा डोस घेण्याबद्दल. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण मला एक गृहस्थ आठवतात. सत्तरीचे, निवृत्त, औषधांच्या बाबतीत अतिशय काटेकोर. त्यांना आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची गोळी लिहून दिली होती. चिठ्ठीवरचं अक्षर नीट लागलं नाही आणि त्यांनी ती रोज घेतली, अडीच महिने, एकही दिवस न चुकता. आमच्याकडे आणलं तेव्हा घरच्यांना वाटत होतं अर्धांगाचा झटका आलाय. बोलण्यात विसंगती, सारखी तहान, सारखी लघवी, आठ दिवस पोट साफ नाही, उलट्या. कॅल्शियम १४.१ निघालं, ते साडेदहाच्या आत हवं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दुपटीहून वर. डीचा आकडा यंत्राच्या मोजण्याच्या हद्दीपलीकडे. नेमकं काय झालं ते कळलं त्यांच्या पत्नीने पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा. गोळ्यांची रिकामी पाकिटं, रबरबँड लावून, तारखा टाकून ठेवलेली. शिरेतून सलाइन आणि औषधं देऊन कॅल्शियम दहा दिवसांत खाली आलं, पण डी चरबीत साठलेलं असतं, ते महिनोन्महिने झिरपत राहतं. त्यांचं रक्त आम्ही पुढे पाच महिने तपासत होतो. मूत्रपिंडाचं काम पूर्वीइतकं झालं नाही.

हे क्वचित घडतं, मान्य. पण जिथे एकाच घरात पाच जण 'आठवड्याची गोळी' घेतात, एक जण सगळ्यांसाठी आणतो, आणि कुणाची कधी घेऊन झाली ते लक्षात राहत नाही, तिथे ते घडू शकतं. शिवाय एकदम भरपूर घेण्याने शरीराचा फायदा होतो असंही नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, तर त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. तिथेच साठीपुढच्या २१ हजार लोकांना दर महिन्याला ६०,००० युनिट देऊन पाहिलं, श्वसनाच्या संसर्गाचा धोका कमी झाला नाही.

तुमच्या घरापुरतं मी काय करेन ते सांगतो. मात्र वडिलांचं मूत्रपिंड कसं आहे, मुतखडा झाला होता का, आणि आधीपासून कोणती औषधं चालू आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावर बदलतं. रक्तदाबासाठी थायझाइड प्रकारची लघवीची गोळी असेल तर ती कॅल्शियम शरीरात अडवून धरते. हृदयासाठी डिगॉक्सिन असेल तर वाढलेलं कॅल्शियम धोक्याचं. सार्कॉइडोसिस (बहुधा फुप्फुसात दाहाच्या बारीक गाठी होण्याचा आजार) किंवा क्षय असेल तर वर सांगितलेल्या मॅक्रोफेज पेशी डीचं सक्रिय रूप बेसुमार बनवू शकतात, आणि साध्या डोसनेही कॅल्शियम चढतं. यातलं काहीही असेल तर गोळीआधी डॉक्टरांशी बोला.

यातलं काही नसेल तर वडिलांना रोज ८०० ते १,००० युनिट, जेवणासोबत, कारण ते स्निग्ध पदार्थांबरोबर नीट शोषलं जातं. त्यांच्या वयात आणि आजाराने आलेल्या अशक्तपणात ते हाडांसाठी आणि स्नायूंसाठी योग्यच आहे, आणि त्यासाठी १४ खरा की खोटा याचा निकाल लागायची गरज नाही. रोज ४,००० युनिट ही निरोगी प्रौढांसाठी मानलेली वरची मर्यादा. डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिल्याशिवाय ती ओलांडू नका. दवाखान्यातून सुट्टी देताना आठवड्याची गोळी लिहून दिली असेल तर ती परस्पर बंदही करू नका. फक्त विचारा, किती आठवडे आणि त्यानंतर काय. चिठ्ठीवर शेवटची तारीख लिहून घ्या.

घरातल्या बाकीच्या चौघांनी, तुम्ही निरोगी असाल, तर डीची तपासणी करण्याचीही गरज नाही. २०२४ मध्ये अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संस्थेने निरोगी प्रौढांनी सरसकट ही तपासणी करू नये असंच सुचवलं. आधी ते ३० च्या वर आकडा हवा म्हणत होते, तो आग्रहही त्यांनी सोडला. घरात लहान मूल असेल, कुणी गरोदर असेल किंवा पंचाहत्तरीच्या पुढचं असेल, तर त्यांना मात्र रोजच्या छोट्या डोसचा फायदा होऊ शकतो असं तेच सुचवतात. हाडं दुखणं, जिन्यावर मांड्या भरून येणं, वारंवार हाड मोडणं, आतड्याची मोठी शस्त्रक्रिया झालेली असणं, फिटची औषधं चालू असणं, अशा वेळी तपासणीला अर्थ आहे.

पुढचा विषाणू आला तर वडिलांना तो कमी जड जावा, हीच तुमची तळमळ आहे. त्यासाठी माझा जोर मी दुसरीकडे लावेन. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूची झाली नसेल तर तीही. विषाणूच्या मागून येणारा जिवाणूंचा न्यूमोनिया या वयात बहुतेकदा जास्त नुकसान करतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात. घरात कुणी धूम्रपान करत असेल तर ते बंद. फ्लूची साथ असताना ताप आला तर पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांकडे, कारण ऑसेल्टामिव्हिर या फ्लूच्या औषधाचा उपयोग लवकर सुरू केल्यावर होतो, चौथ्या दिवशी फारसा नाही. आणि घरात बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र ठेवा. बसल्या जागी ९४ च्या खाली जायला लागलं, किंवा सहा मिनिटं चालून चार-पाच अंकांनी उतरलं, तर श्वास लागत नसला तरी वाट पाहू नका. माझ्या अनुभवात म्हाताऱ्या माणसांचा न्यूमोनिया हाताबाहेर जातो तो बहुधा 'उद्या बघू' म्हणून गेलेल्या दोन दिवसांत.

वडिलांना ऑक्सिजन लागताच तुम्ही दवाखान्यात नेलंत, हे तुमच्याच मजकुरात आहे. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं. भावालाही हे वाचायला द्या. आजार बघून माणूस घाबरतो आणि कारण शोधतो, त्याचंही तेच झालं असणार.

साधारण तीन महिन्यांनी, वडिलांना ताप-खोकला नसताना, पुन्हा एकदा रक्त तपासा. त्याच नमुन्यात कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि सीआरपीही मागा. गोळी चालू असेल तर कोणती, किती आणि कधीपासून, ते कागदावर लिहून सोबत न्या, आणि दवाखान्यातला १४ चा रिपोर्टही फेकू नका. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की तुमच्या डॉक्टरांना पुढचा डोस ठरवता येईल.